‘धूमकेतू चौकी’, भाग चौथा

बायकोच्या हाकेला ओ आणि आईच्या हाकेला भिंत, असं वागणं भागीरथीच्या घरात तीन पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. गजेंद्रने ते होळीपासून सुरू केलं होतं, आणि आता वैशाख लागला तरी त्याला त्याची लाज नव्हती.

ती उंबऱ्याशी बसून डाळ निवडत असायची. वरची टाकी भरून पाणी भिंतीवरून वाहायला लागायचं. ती म्हणायची, गजेंद्र, मोटर बंद कर. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस चार हातांवर पलंगावर बसलेला, पण हूं नाही की चूं नाही. मग तिची सून नूतन हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात यायची, त्याच्याकडे बघून नुसतं ‘मोटर’ म्हणायची, की हा टुणकन उठायचा. नात प्रियांका समोर उभी राहून चार्जर मागायची, तेही त्याला बरोबर कळायचं. कान गेले असते तर सगळ्यांनाच गेले असते, असं भागीरथीचं साधं म्हणणं. ज्याचे कान फक्त आईपुरते बंद, त्याचं मन फिरलेलं असतं.

डिंडोलीच्या त्या गल्लीत तिला सगळे भागीमाय म्हणत आणि जरा जपूनच म्हणत. शिरपूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती सुरतेत आली, तेव्हा या भागात शेतं होती. नवरा लवकर गेला. तिने अठरा वर्षं लूमच्या कारखान्यात बॉबिनी भरल्या, पोर वाढवलं, दोन खोल्यांच्या चार खोल्या केल्या. कारखान्यात धाग्याची बारीक धूळ घशात जाऊन बसते म्हणून ती पदर तोंडावर ओढून घ्यायची. कारखाना सुटून वीस वर्षं झाली, पण पदर सुटला नाही. बोलायची ती पदराआडूनच, आणि पदराआडूनसुद्धा जीभ अशी चालायची की समोरचा माणूस घरी जाऊन दुसऱ्या दिवशी चिडायचा. तीन घरं सोडून लक्ष्मण नावाचा म्हातारा कारागीर राहायचा. मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेले होते. त्याला ती भर गल्लीत ‘ठोकळा’ म्हणायची. त्याच्या तोंडावर म्हणायची, कारण त्याला ऐकू कुठे जात होतं.

तर अशा बाईच्या हाकेला तिचा मुलगा ओ देत नव्हता, आणि तिला राग यायचा तितका आला होता. पण रागाच्या खाली दुसरंच काही तरी होतं, आणि त्याला ती नाव देत नव्हती.

त्यात ती पुस्तकं आली.

भुसावळहून कुरिअर आलं, खोकं फोडलं तर आत आठ पातळ पुस्तकं. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. गजेंद्र कारखान्यात होता म्हणून खोकं तिनेच घेतलं आणि वरचं पुस्तक हातात धरल्याबरोबर तिने ते ओळखलं. लाल आभाळ, काळी टेकडी, आणि टेकडीवर काचेच्या मडक्यात डोकं घातलेला माणूस. हे चित्र तिने आपल्या हाताने जाळलं होतं.

गजेंद्र दहा-अकरा वर्षांचा असताना रविवारी सकाळी टीव्हीवर ‘धूमकेतू चौकी’ नावाची मालिका लागायची. हिंदीत असायची. आभाळात कुठे तरी लांब एक चौकी, तिथे राहणारी सहा माणसं, एक बोलणारं यंत्र. गल्लीत टीव्ही एकच. चाळीस पोरं एका खोलीत कोंबलेली, आणि भांडी पुढ्यात ठेवून बायकाही उभ्या. त्याच मालिकेवरून मराठीत पुस्तकं निघाली होती, दर चार-पाच भागांची गोष्ट एका पुस्तकात. भागीरथीचा धाकटा भाऊ उखा त्याच कारखान्यात कारागीर होता. गावी जाऊन आला की नंदुरबार स्टेशनवरून भाच्याला एक पुस्तक आणायचा. मामा-भाचे ओट्यावर बसायचे आणि उखा मोठ्याने वाचायचा. कप्तानाचा जाड आवाज, यंत्राचा नाकातला आवाज, सगळे आवाज तोच काढायचा. गजेंद्र सातवीत नापास झाला तेव्हा भागीरथीने सगळी पुस्तकं चुलीत घातली. पोरगा रडला नाही. जळेपर्यंत उभा राहिला, मग पाणी प्यायला गेला.

आता तेच लाल आभाळ तेहतीस वर्षांनी तिच्या मांडीवर. तिला माहीत होतं, की छापलेल्या पुस्तकाच्या हजार प्रती असतात. तरी तिने ते पुस्तक पलंगावर ठेवलं आणि हात धुतले.

त्या दिवसापासून गजेंद्र आणखीच आत गेला. सात वाजता कामावरून यायचा, हातपाय धुवायचा आणि पलंगावर बसायचा. एका हातात फोन, मांडीवर पुस्तक. फोनवर ती जुनी मालिका चाललेली असायची, चित्र पावसासारखं भुरभुरणारं. तो एकदा फोन बघायचा, एकदा पान बघायचा, आणि त्याचे ओठ हलायचे. मधेच हसायचा. कुणी तरी कानात काही सांगावं आणि माणसाने हसावं तसा. फोनमधून मात्र आवाजाचा कणही येत नसे.

पडद्याआडून भागीरथी हे बघत राहायची. ती जवळ जाऊन खांद्याला हात लावायची, तर तो असा दचकायचा की पुस्तक खाली पडायचं. लांबून कुठून तरी परत आल्यासारखा बघायचा तिच्याकडे. तिने मीठ-मोहरी उतरून टाकली. शनिवारी लिंबू-मिरची बदलली. तो उंबऱ्यातून आत-बाहेर करत राहिला, फरक नाही.

मग तिला पुस्तकांत आकडे दिसले. पानापानांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले, बारीक, नेटके. तिची दुसरीपर्यंत शाळा झाली होती, आकडे तिला येत होते. मटक्याचा नाद लागलाय, असंच तिला वाटलं. कारागिराच्या घरात पुस्तकाच्या कडेला आकडे दिसले की दुसरं काय वाटणार. तिने प्रियांकाला कोपऱ्यात घेऊन पुस्तक दाखवलं. पोरगी हसत सुटली. कॉलेजात गुजराती, मैत्रिणींशी हिंदी, घरात सगळ्याची भेळ, अशी तिची भाषा. तिने सांगितलं, की आजी, हे मिनिटं छे, व्हिडिओमध्ये कोणतं वाक्य कधी येतं ते पप्पांनी लिहून ठेवलंय. पप्पा अवाज बंद करून बघतात, मी बोलले इयरफोन घाला ना, तर नुसते हसले.

प्रियांका हसून मोकळी झाली. भागीरथीला हसू आलं नाही. मटका निघाला असता तर बरं झालं असतं, त्याला औषध होतं. चार शिव्या, दोन शपथा, आणि गावचे दोन वडीलधारे बोलावून बसवायचे. पण शहाणासुरता माणूस मुक्या चित्रासमोर बसून ओठ हलवतो, याला काय म्हणायचं?

तिला एकच गोष्ट आठवत राहायची, आणि ती आठवू नये म्हणून ती दिवसभर कामाला भिडलेली असायची.

उखाही असाच झाला होता.

एकवीस वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षात उखा कुणाच्यात नसायचा. लोक बोलायला लागले की त्यांच्या तोंडाकडे बघून हसायचा, भलत्या जागी मान डोलवायचा. हळदीच्या कार्यक्रमात भागीरथीने चारशे माणसांत त्याला तीन हाका मारल्या. तो पाठमोरा उभा होता, वळलाच नाही. बहिणीचा पाणउतारा झाला. तिने त्याच मांडवात सांगितलं, की आजपासून उखा मला मेला. आठ महिने ती त्याच्याशी बोलली नाही. तो दोनदा घरी आला, ओट्यावर बसून गेला, तिने पाणी सुनेच्या हाती पाठवलं.

नवव्या महिन्यात तो रुळांवर गेला. सकाळचे नऊ वाजलेले, लख्ख ऊन. डिंडोलीहून उधन्याकडे कामाला जाणारी माणसं रेल्वेची भिंत जिथे फोडलेली आहे तिथून पायी रूळ ओलांडतात, तिथेच. बघणारे म्हणाले, की गाडी भोंगा वाजवत होती, लोक ओरडत होते, आणि उखाने मान वळवली नाही. ज्याने त्याने हेच सांगितलं. मान वळवली नाही. म्हणजे जाणूनबुजून गेला. भागीरथीने कुणाला काही विचारलं नाही. दहाव्याला घास वाढला तेव्हा कावळा शिवायला वेळ लागला, आणि बायकांनी एकमेकींकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. एकवीस वर्षं ते बघणं तिच्या पाठीवर होतं.

गजेंद्र रोज त्याच भगदाडातून जायचा. सकाळी सातला, दुपारी एकला जेवायला घरी, पावणेदोनला परत, संध्याकाळी सातला. दिवसातून चारदा. पुलावरून गेलं तर वीस मिनिटं जास्त लागतात.

त्या आठवड्यात तिने नूतनला धरलं. नूतन सुरतेतल्या निम्म्या बायकांसारखी घरी बसून साड्यांना लेस लावायची. सुई चालू असतानाच सासूने विचारलं, की याला काही झालंय का, अंगात काही दुखणं आहे का, दवाखान्याचा कागद कुठे लपवलाय का. नूतनची सुई थांबली. ती म्हणाली, आत्या, मला विचारू नका, प्रियांकाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय मी. आणि उठून आत गेली.

भागीरथीने आयुष्यात कुणाला इतक्या सहज सोडलं नव्हतं. पण त्या दिवशी ती नूतनच्या मागे आत गेली नाही. शपथ घेतली म्हणजे सांगण्यासारखं आहे. सांगण्यासारखं आहे आणि फक्त तिच्यापासून लपवलंय. ती उंबऱ्यातच बसून राहिली आणि एक वाजता भिंतीकडून येणाऱ्या माणसांत आपला माणूस शोधत राहिली. तो आला. तिने श्वास सोडला. पावणेदोनला तो परत गेला आणि तिने श्वास धरला. संध्याकाळपर्यंत.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी नूतन साड्यांचा गठ्ठा पोहोचवायला गेली, प्रियांका कॉलेजला. घरात पंख्याचा आवाज आणि भागीरथी. तिने चुलीवरचं वरण उतरवलं, हात पुसले आणि गजेंद्रच्या उशीखालचं पुस्तक काढलं. ज्या पुस्तकाला आपण भितो ते नेमकं काय सांगतं, ते एकदा बघायचंच.

वर लिहिलं होतं, ‘धूमकेतू चौकी’, भाग चौथा. तिला वाचायला येत होतं म्हणजे बसची पाटी यायची, रेशनकार्ड यायचं, आरती पाठ होती म्हणून आरती यायची. तिने बोट ठेवलं आणि अक्षराला अक्षर लावत गेली. पहिली पानं नुसती बोलण्याची. कप्तान म्हणाला, यंत्र म्हणालं, वैमानिक बाई म्हणाली. प्रत्येक बोलण्यापुढे कडेला मिनिटं. दोन पानांत तिची मान भरून आली. पुढे एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या पानावर आकडे नव्हते. पाच-सहा ओळींखाली पेन्सिलीची जाड रेघ होती, इतकी दाबून ओढलेली की कागद फाटायला आला होता.

ती वाचायला लागली. एका ओळीला तिला एक पोळी भाजण्याइतका वेळ लागत होता.

‘या ग्रहावर हवा नव्हती. हवा नाही म्हणून आवाज नाही. कप्तान समोरच्या टेकडीकडे पाहत चालला होता. मालवाहू यान त्याच्या पाठीमागून येत होते. चौकीच्या काचेआड सगळे जीव तोडून ओरडत होते. पण कप्तानाने मान वळवली नाही.’

तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा. बोट तिथून हलेना.

त्याला मरायचं नव्हतं. त्या मडक्यातल्या माणसाला मरायचं नव्हतं. तो गर्विष्ठ नव्हता, कुणावर रुसला नव्हता. त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

भागीरथी पुस्तक मांडीवर ठेवून बसली, आणि एकेक गोष्ट आपण होऊन येऊन तिच्यासमोर उभी राहायला लागली. हळदीचा मांडव, आणि पाठमोरा उखा. लोकांच्या तोंडाकडे बघून हसणारा उखा. कारखान्यात मागांचा असा गदारोळ असतो की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी कळत नाही. म्हणून कारागीर आवाज काढतच नाहीत, तोंडाचा आकार करतात आणि हातांनी बोलतात. ज्याने पंचवीस वर्षं ते केलं, त्याचे कान कधी गेले हे घरच्यांना कळेल कसं? समोरून बोला, तो बरोबर उत्तर देईल. नूतन दारात समोर येऊन बोलते. प्रियांका समोर उभी राहून मागते.

आणि आपण? तिने स्वतःकडे बघितलं. घरात एकटी, पुस्तक वाचत बसलेली बाई, तरी पदर तोंडावर होता.

तो तिच्यावर रुसला नव्हता. तिचं तोंड त्याला दिसतच नव्हतं.

तिने घड्याळ बघितलं. पावणेएक.

चपला पायात घालायचं तिला सुचलं नाही. दार उघडं टाकून ती निघाली. सदुसष्टाव्या वर्षी गुडघे दुखणारी बाई डांबराच्या चटक्यांवरून जवळजवळ पळत होती, आणि गल्लीतल्या कुणी काही विचारलं तर ते तिला ऐकू आलं नाही. रोज चारदा जातो, आजच काय होणार, असं ती स्वतःला सांगत होती. उखाही रोजच जात होता.

भगदाडाशी पोचली तेव्हा पलीकडच्या रुळांवरून मालगाडी चालली होती. कोळशाचे डबे, संपता संपत नव्हते. अलीकडचे रूळ मोकळे. इकडे पाच-सहा माणसं थांबलेली, एक गुजराती भाजीवाली टोपली टेकून उभी. भागीरथी त्यांना बाजूला सारून खडीपर्यंत गेली. शेवटचा डबा गेला, आणि पलीकडे थांबलेली माणसं दिसली. त्यांत निळ्या शर्टात गजेंद्र. हातात रिकामी पाण्याची बाटली. भुकेला माणूस चालतो तसा तो खाली मान घालून निघाला. त्याने फक्त मालगाडी जिकडून आली होती त्या बाजूला एकदा बघितलं.

भोंगा दुसऱ्या बाजूने वाजला. अलीकडच्या रुळांवर, भुसावळकडून. बाकीची माणसं जागच्या जागी थांबली. गजेंद्रने पलीकडचे रूळ ओलांडले, खडीत पाय जपून टाकत पुढे आला. भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. लोक ओरडायला लागले. भाजीवालीने टोपली सोडून दोन्ही हात हलवले. गजेंद्रने मान वळवली नाही.

भागीरथीच्या तोंडून हाक आली होती, पण ती अर्ध्यात गिळली. हाकेने काय होणार होतं? तिने पदर डोक्यावरून, तोंडावरून ओढून काढला आणि दोन्ही हातांची कैची करून डोक्यावर धरली. कारखान्यात या खुणेचा अर्थ एकच. माग थांबव, आहेस तिथे थांब, कुणाचा तरी हात अडकलाय. ही खूण दिसली की कारागीर विचार करत नाही, त्याचं अंग थांबतं. पण त्यासाठी त्याने वर बघायला हवं. ती आणखी एक पाऊल खडीत पुढे गेली. मागून कुणी तरी तिचं लुगडं धरलं. वर बघ, ती मनात म्हणत होती, बाबा, एकदा वर बघ.

त्याने वर बघितलं. आधी त्याला आई दिसली असेल, बोडक्या डोक्याने उघड्यावर उभी, जशी त्याने कधी बघितली नव्हती. मग हात दिसले.

आणि मधे गाडी आली.

डब्यामागून डबा. वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले. तो थांबला होता की नव्हता, हे तिला दिसलं नव्हतं. पाय उचललेला होता, एवढंच दिसलं होतं. तिचे हात अजून डोक्यावर होते, ते खाली येईनात. उखाला उचललं तेव्हा कुणी तिला जवळ जाऊ दिलं नव्हतं. आता कुणी अडवलं तर ती त्याचा हात चावणार होती. मग ती खाली बसली, गुडघ्यांवर, खडीत, आणि चाकांमधून बघायला लागली. चाक, उजेड, चाक, उजेड. उजेडात दोन तपकिरी चपला होत्या. उभ्या. जोडीने उभ्या.

गाडी गेली तरी ती उठली नाही. त्यानेच येऊन तिला दोन्ही काखांत धरून उठवलं, भिंतीच्या सावलीत नेऊन बसवलं. भाजीवाली मागोमाग आली आणि त्याच्या अंगावर खेकसली, “मरवुं छे के, भाई?” आणि गजेंद्र तिच्या तोंडाकडे बघून हसला आणि त्याने मान डोलवली.

ते हसू भागीरथीने ओळखलं. एकवीस वर्षांपूर्वी तेच हसू तिच्या ओट्यावर बसून, पाणी पिऊन परत गेलं होतं.

तिने दोन्ही हातांनी मुलाचा चेहरा आपल्याकडे वळवला. पदर खांद्यावर पडला होता, तो तिने उचलला नाही. आवाज न काढता, कारखान्यात बोलायचे तसे नुसते ओठ हलवून तिने विचारलं, “कधीपासून?”

गजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो बोलायला लागला, जरा जास्तच मोठ्याने, कारण त्याचा आवाज त्याला कळत नव्हता. अडीच वर्षं झाली. आधी कानात शिट्टी वाजायची, मग माणसांचे शब्द पुसट झाले, मग होळीपासून जवळजवळ सगळंच बंद. दवाखान्यात सांगितलं की नस सुकली, मशीन लावलं तर थोडं कळेल. मशीन कानावर दिसतं, म्हणून लावलं नाही. कारखान्यात तो मास्टर होता. मास्टरला मागाचा आवाज ऐकून बिघाड कळायला हवा. तो आता मागाच्या लोखंडावर तळहात ठेवून ओळखायचा, आणि अजून कुणाला पत्ता नव्हता.

ती पुस्तकं कशाला, असं तिने विचारलं.

“त्यांचे आवाज मला पाठ आहेत, माय,” तो म्हणाला. “चित्र बघत ती ओळ वाचली की कानात येतात. कप्तानाचा येतो. यंत्राचा येतो. खरं म्हणजे कप्तानाचा नाही, मामाचाच येतो, तोच वाचायचा ना. बाकी सगळीकडे नुसतं मुकं आहे. तिथं तेवढं ऐकू येतं.”

तिने मग ते विचारलं, जे विचारायला एकवीस वर्षं तोंड नव्हतं. मामालाही असंच होतं का?

गजेंद्र म्हणाला, की तेव्हा कळलं नाही. मामा आणि तो एकाच पाळीत, दोघं हातांनीच बोलायचे, सवय होती. स्वतःचं सुरू झालं तेव्हा कळलं. चौथा भाग हातात आला तेव्हा पक्कं कळलं. त्या ओळींखाली रेघ त्याने मामासाठी ओढली होती.

भागीरथी भिंतीला टेकली. उखा तिच्यावर रुसून गेला नव्हता. उखा कामाला निघाला होता. आणि तिने त्याला चारशे माणसांत मेलेला ठरवलं होतं, तो जिवंत असताना.

“मला का नाही सांगितलंस?” तिने ओठांनी विचारलं. “बायकोला सांगितलंस. मला का नाही?”

तो भिंतीवरचा चुना नखाने खरवडत राहिला.

“लक्ष्मणआबाले तू काय म्हणस, ते सगळी गल्ली ऐकस,” तो शेवटी अहिराणीत म्हणाला, लहानपणी चूक कबूल करताना बोलायचा तसा. “मी पण ऐकेल शे. कान होते तवय.”

रुळांवर आता पुन्हा माणसं ये-जा करायला लागली होती, आपापले डबे, पिशव्या घेऊन. भागीरथीने त्याच्या शर्टाला लागलेली खडीची धूळ झटकली. एकदा, दोनदा, मग जरा जोरातच, चापट मारल्यासारखी. मग तिने त्याची हनुवटी धरली, आणि तो आपल्या ओठांकडे बघतोय याची खात्री करून, भिंतीशी उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“आगगाडीले घाबरना नही तू, अन् मायले घाबरना. गाढव शेस तू.”